मामी टीव्ही बघत नाही

प्रीतम गव्हाणेला बायको ठरवायला एक मिनिटही लागलं नव्हतं, टीव्ही ठरवायला मात्र चार महिने लागले. बायकोच्या बाबतीत तुलनेला वावच नव्हता. ऋतुजा सख्ख्या मामाची मुलगी. ती पाळण्यात असतानाच दोन्ही घरांनी सुपारी फोडून टाकलेली. टीव्हीचं तसं नसतं. टीव्हीला मामा नसतो.

शिवाय तुलना हा प्रीतमचा धंदाच होता. बार्शीतल्या एका डाळ मिलमध्ये तो तुरीची प्रतवारी करायचा. मूठभर डाळ तळहातावर पसरून पहिली कुठली, दुसरी कुठली आणि गुरांना घालायची कुठली, हे सांगायचा. धंद्याची सवय घरी यायचीच. नवा साबण आणायचा तर तो दोन कंपन्यांच्या वड्या एकाच बादलीत बुडवून ठेवायचा आणि सकाळी कुठली जास्त उरली ते बघायचा. दोन्ही उरायच्या नाहीत. तरी त्याला समाधान असायचं, की आपण आंधळेपणाने साबण घेतला नाही.

वीज तेव्हा विकत मिळत नसे, वाट्याला येत असे. उन्हाळा फेब्रुवारीतच बसायला लागला, सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाले, ट्रान्स्फॉर्मर फटाक्यांसारखे उडाले, आणि मग वीजवाटप प्राधिकरण नावाची एक गोष्ट जन्माला आली. माणशी ठरावीक युनिटं. पैसे जास्त मोजले तरी जास्त नाहीत. घरात माणसं किती, ते शिधापत्रिकेवरून.

प्रीतमच्या घरात तीन माणसं होती. तो, ऋतुजा आणि मामी. मामी म्हणजे रत्नमाला, ऋतुजाची आई, त्याची सासू. लग्नाआधी तो मामी म्हणायचा, लग्नानंतर बदलायचं राहून गेलं. तीही त्याला प्रीतमच म्हणायची. रागावली की तेवढी ‘जावई’ म्हणून अहोजाहो सुरू करायची. मामा वारल्यावर ती यांच्याकडे राहायला आली ती एक पत्र्याची पेटी, एक विळी आणि फुप्फुसांचा आजार घेऊन. फुप्फुसं आतून चिवट होत चालली होती. डॉक्टर म्हणाले, जुन्या फुग्यासारखी. तेव्हापासून हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारं एक मशीन रात्रंदिवस तिच्या खाटेशी घुरघुरत असायचं आणि त्याची पारदर्शक नळी दोन्ही कानांमागून येऊन तिच्या नाकात. मामीच्या वाट्याची सगळी वीज ते मशीन खायचं आणि वर ऋतुजाच्या वाट्यातली थोडी मागायचं.

म्हणून जुना टीव्ही जळाला तेव्हा प्रीतमला असा टीव्ही हवा होता, की जो जवळजवळ उपाशी राहील. टीव्हीशिवाय राहायचा प्रश्न नव्हता. मामी संध्याकाळी सहापासून झोपेपर्यंत त्याच्यासमोर बसायची.

“हा पाच स्टार घ्या,” कटारियाशेठ म्हणाले. चार महिन्यांतली प्रीतमची ती नववी फेरी होती आणि कटारियाशेठनी चहा विचारणं सोडून दिलं होतं.

“तीन स्टारपेक्षा हा कमी का खातो ते सांगा.”

“तीन स्टार आंधळा आहे. हा डोळस.”

मग त्यांनी जे सांगितलं ते खरोखर हुशारीचं होतं. माणसाच्या डोळ्याला सगळं स्वच्छ दिसत नाही. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर त्याच्या नखाएवढाच तुकडा आपल्याला खरा स्पष्ट दिसतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मधोमध एक बारीक खळगा असतो, त्याची ती करामत. बाकीचं सगळं धूसर असतं. पण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, आणि मधल्या जागा मेंदू अंदाजाने भरून टाकतो. अख्खी खोली आपल्याला लख्ख दिसते, ती मेंदूच्या या थापेमुळे. आता टीव्हीवाल्यांचं म्हणणं असं, की तुम्हाला नखाएवढंच दिसणार असेल तर आम्ही अख्खा पडदा कशाला उजळायचा? पडद्याखालच्या पट्टीत दोन बारीक कॅमेरे बसवलेले. ते डोळ्यांवर न दिसणारा उजेड टाकून बुबुळ कुठे वळलंय ते मोजतात, डोळ्याने उडी मारली की ती कुठे पडणार हे उडी संपायच्या आत ओळखतात, आणि तेवढाच तुकडा उजळतात. बाकी पडदा राखेखालच्या निखाऱ्यासारखा. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. वीज लागते दहावा हिस्सा.

“आणि दोघं बघत असले तर?”

“दोन तुकडे उजळतात.”

“पाच जण असले तर?”

“त्याचा विचार लग्नाच्या वेळी करायचा असतो, गव्हाणे.”

“आणि तो तीन स्टारवाला?”

“त्याला तोंडासारखं काही दिसलं की तो उजळतो. बघताय का झोपलाय, त्याला घेणंदेणं नाही.”

प्रीतमने पाच स्टार घेतला. सरकारी सवलतीत असल्याने तो थेट मीटरला जोडून सील झाला. पाच वर्षं बदलायचा नाही, अशी अट. त्याने आनंदाने सही केली. पुढे कितीतरी वेळा त्याला तो सही करतानाचा स्वतःचा हात आठवायचा, आणि दर वेळी त्या हाताचा चेहरा मूर्ख वाटायचा.

पहिल्या संध्याकाळी माहितीपत्रक वाचून ऋतुजा म्हणाली, “इथे लिहिलंय, कुटुंबीयांनी शक्यतो एकाच ठिकाणी पाहावे. मी हिरॉइनच्या तोंडाकडे बघते, तू पण तिथंच बघ.”

“मी तोंडाकडेच बघतोय.”

“मग खाली उजेड कसला पडलाय?”

प्रीतमने नजर वर घेतली. उजेडही वर गेला. मामी मेथी निवडत होती. ती हसली नाही, पण मेथीची एक जुडी तिने फारच जोरात झटकली.

पहिल्या महिन्याला टीव्हीने इतकी कमी वीज खाल्ली, की प्रीतमने शेजारच्या बोधेकाकांना मीटर दाखवायला बोलावलं. बोधेकाकांकडे तीन स्टार होता. ते मान हलवून गेले. प्रीतमच्या आयुष्यातला हा शेवटचा विजय.

झालं असं, की शिधापत्रिकेवर आपल्याकडे माणूस मेल्यावरही पाच-दहा वर्षं आरामात राहतो. दोन उन्हाळ्यांनी प्राधिकरणाच्या लक्षात आलं, की तालुक्यात जिवंतांपेक्षा मेलेले जास्त वीज वापरतात. जिवंत माणसं मोजायची कशी? घरोघर माणूस पाठवला तर प्रत्येक घर शेजारची म्हातारी उसनी आणायचं. तेव्हा कुणा हुशार अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं, की टीव्ही घरोघर आहे, त्याला कॅमेरा आहे, आणि तो माणूस ओळखतो. मेलेला माणूस टीव्ही बघत नाही, एवढं साधं शास्त्र. ज्याची रोज सरासरी दोन तास नजर पडद्यावर पडेल तो जिवंत. ज्याची सात दिवस सलग पडणार नाही त्याचा वाटा आपोआप बंद. वैद्यकीय कारणासाठी सूट होती, पण ती फक्त जिवंत माणसांना. अंधांसाठी वेगळा अर्ज होता. तो पडद्यावर वाचून भरायचा होता.

आणि एका सोमवारी प्रीतमच्या फोनवर निरोप आला: रत्नमाला यांची नजर आढळली नाही. दोन दिवसांत खुलासा न झाल्यास वाटा बंद.

“असं कसं,” ऋतुजा म्हणाली. “आई तर रोज सहा तास बसते.”

प्रीतमने मामीकडे बघितलं. मामी टीव्हीसमोर बसली होती. मांडीवर ताट, ताटात गवार. टीव्हीवर कुणीतरी कुणाच्यातरी दुधात काहीतरी कालवत होतं, आणि पडदा जवळजवळ काळा होता.

“मामी, टीव्ही बघ की.”

“बघतीये की,” मामी गवारीकडे बघत म्हणाली. “धाकटीनं दुधात विष घातलं. थोरली पिणार नाही ते, सांडणार बघ.”

पडद्यामागे दूध सांडल्याचा आवाज झाला.

खुलासा तपासायला प्राधिकरणाचा माणूस आला, इरफान तांबोळी नावाचा सालस तरुण निरीक्षक. त्याने मामीला नमस्कार केला. मामीने त्याला लग्न झालं का विचारलं, ठरलं नाही म्हटल्यावर का ठरलं नाही ते विचारलं, चहात साखर जास्त घालून दिली आणि नळी सावरत त्याच्या आईची चौकशी केली. तांबोळी दोन कप चहा प्यायला.

“पटली ना खात्री?” प्रीतम म्हणाला. “जिवंत आहे की नाही?”

“मला दिसतायत हो,” तांबोळी ओशाळून म्हणाला. “पण मला दिसून उपयोग नाही. टीव्हीला त्या दिसतात, त्यांना टीव्ही दिसत नाही, अशी नोंद आहे.”

“बोधेकाकांच्या घरी तीन माणसं आहेत आणि वाटा चौघांचा येतो.”

“त्यांचा टीव्ही तीन स्टार. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरमधली देवी धरलीय.” तांबोळीने आवाज खाली आणला. “ती पापणीही लववत नाही. तालुक्यात सर्वांत जास्त तास तिचेच आहेत. तुमचा टीव्ही चांगल्यातला आहे, साहेब. तो खोटं बोलत नाही.”

मशीन बंद ठेवून पाहण्याचा प्रश्न नव्हता. मागे एकदा अर्धा तास वीज गेली होती, तेव्हा मामीचे ओठ जांभळे झाले होते आणि नखांकडे ऋतुजाला बघवलं नव्हतं. तांबोळीने आपल्या अधिकारात महिनाभराची मुदत दिली. अट एवढीच, की मागची थकबाकी धरून मामीने आता रोज चार तास बघायला हवं होतं.

प्रीतमने आधी ताट काढून घेतलं. मामीने आयुष्यभर टीव्ही असाच बघितला होता. तांदूळ निवडत, शेंगा फोडत, लसूण सोलत. तिच्या माहेरी, सासरी, शेजारीपाजारी सगळ्या बायका असाच बघत. टीव्ही कानाचा, डोळे ताटाचे. तीस वर्षांच्या मालिका तिला पाठ होत्या आणि त्यातली एकही नटी रस्त्यात भेटली असती तर तिने ओळखली नसती. आवाजावरून मात्र मागून हाक मारली असती.

ताट गेल्यावर मामी रिकाम्या मांडीकडे बघत बसली.

मग प्रीतमने कुस्त्या लावल्या. मामीने डोळे मिटले. कीर्तन लावलं, तर तिने हात जोडून डोळे मिटले. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने मामीच्या मानेला पट्टा बांधला. मान पडद्याकडे राहिली, बुबुळं कोपऱ्यात गेली. शेवटी त्याने जगभर शोधून एक वाहिनी काढली, जिच्यावर एक बाई काही न बोलता नुसती भाजी निवडत बसते. आणि काय सांगावं, पडद्यावर नखाएवढा उजेड पडला. बाईच्या बोटांवर.

तो उजेड पाचेक मिनिटं टिकला.

“हिला निवडता येत नाही,” मामी म्हणाली. “देठं तशीच ठेवलीयेत.” आणि तोंड फिरवलं ते फिरवलं.

“मामी, तुझ्या पाया पडतो. बघ की गं जरा.”

“जावई,” मामी म्हणाली, “बघण्यासारखं असेल तर माणूस आपणहून बघतं. तुम्ही किती दिवस असं मानगूट धरून दाखवणार आहात?”

बोलता बोलता तिला धाप लागली. मशीनचा आकडा ऋतुजाने एक खूण वर केला. वरची खूण म्हणजे जास्त वीज.

मुदत अर्धी सरली तेव्हा प्रीतमने मिलमधून रजा घेतली आणि एका संध्याकाळी टीव्हीच्या शेजारी जमिनीवर उकिडवा बसला, तोंड मामीकडे करून. टीव्ही जे बघतो ते आपण बघायचं, असं त्याने ठरवलं होतं. टीव्हीवर सासवा-सुनांचं चाललं होतं, आणि प्रीतम मामीची बुबुळं बघत होता. पहिल्यांदाच. लग्नाच्या अठरा वर्षांत तो या बाईच्या डोळ्यांत असा कधी बघत बसला नव्हता. सासूच्या डोळ्यांत बघत बसण्याची तशी आपल्याकडे पद्धतही नाही.

बुबुळं स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. दारातून ऋतुजा कपड्यांची बादली घेऊन आली. बुबुळं तिच्याबरोबर दोरीपर्यंत गेली, दोरीवरून खिडकीपर्यंत, खिडकीतून परत. ऋतुजा खाली बसून घड्या घालायला लागली तर बुबुळं तिच्या हातांवर. ती उठून आत गेली तर दाराच्या चौकटीवर थांबली, आणि आत भांडं वाजलं तेव्हा भिंतीवर, नेमकी जिथे भिंतीपलीकडे ओटा होता तिथे. प्रीतमला तुरीतला खडा सापडावा तसं झालं.

“ऋतुजा,” त्याने हाक मारली. “तू टीव्हीवर जा.”

रेकॉर्ड करून चालेना. मामी पडद्यावरच्या मुलीला विचारायची, जेवलीस का, आणि पडद्यावरची मुलगी भलतंच काही सांगत राहायची. “रुसलीय,” म्हणून मामी तोंड फिरवायची. म्हणून ऋतुजा फोन घेऊन आतल्या खोलीत बसली, तर मामी भिंतीकडे बघायला लागली. गच्चीवर गेली, तर मामी छताकडे. बोधेकाकांकडे बसवली, तर मामी दाराकडे, कारण बोधेकाकांकडे गेलेलं माणूस किती वेळ बसणार? ऋतुजा बार्शीत कुठेही असली, ती रक्त तपासायला जायची त्या मिरगण्यांच्या लॅबमध्ये कामावर असली तरीसुद्धा, मामीच्या डोळ्यांना ती दारातूनच यायची होती.

“म्हणजे दाराची आशाच तोडली पाहिजे,” ऋतुजा म्हणाली. ती हे भाजी फोडणीला टाकताना म्हणाली, त्यामुळे प्रीतमला आधी ते मिरच्यांबद्दल वाटलं.

सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिने नोकरी धरली. सकाळी रक्ताचे नमुने, संध्याकाळी सहापासून खोलीत फोन समोर ठेवून बसणं. फोनमधून पडणारी नजरही टीव्ही धरायचा, म्हणून तिचा वाटा बंद झाला नाही. पहिल्या संध्याकाळी टीव्हीवर तिचा चेहरा आला. मामीने दाराकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग पडद्याकडे. पडद्यावर उजेडाचा नखाएवढा ठिपका उमटला, ऋतुजाच्या भुवईवर. तिथून हळूच गालावर आला.

“वाळलीस,” मामी म्हणाली.

“आजच तर आलेय आई.”

“एका दिवसात माणूस वाळतं.”

महिना भरला तेव्हा मामीचे तास बोधेकाकांच्या देवीच्या जवळपास गेले. प्राधिकरणाकडून ‘आदर्श प्रेक्षक’ म्हणून अभिनंदनाचा निरोप आला. मशीन न थांबता घुरघुरत होतं. प्रीतम आणि ऋतुजा फोनवर बोलायचे ते मामीसमोर, टीव्हीवरून; वेगळं बोलायला वेळ उरायचा नाही. “तिकडे फार उकडतं का?” तो विचारायचा, आणि उजेडाचा ठिपका ऋतुजाच्या ओठांवर जाऊन थांबायचा, कारण मामीला उत्तर ऐकायचं असायचं. प्रीतमने स्वतः पडद्याकडे बघितलं की दुसरा ठिपका पडायचा आणि जास्त वीज जायची. म्हणून तो बायकोशी बोलताना जमिनीकडे बघायचा.

एका रविवारी ऋतुजा घरी आली. दोन दिवस राहिली. मामीने त्या दोन दिवसांत टीव्हीकडे एकदाही बघितलं नाही, आणि तिच्या तासांची सरासरी अशी घसरली की पुढचे तीन आठवडे ऋतुजाला रोज सहा तास पडद्यावर बसावं लागलं. त्यानंतर ती आली नाही. दिवाळी टीव्हीवर झाली. ऋतुजाने खोलीत पणती लावली. मामीचा ठिपका पणतीवर गेला नाही.

संक्रांतीच्या सुमारास डॉक्टर प्रीतमला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. फुप्फुसं आता जवळजवळ संपली आहेत, म्हणाले. मशीन पूर्ण वेळ चाललं तर मामी उन्हाळा बघेल. नाही तर नाही.

त्या दिवशी कॉल संपला, पडद्यावरून ऋतुजाचा चेहरा गेला, आणि प्रीतमच्या लक्षात आलं की टीव्ही विझलेला नाही. काळ्या पडद्यावर नखाएवढा ठिपका तसाच होता, नुसता पांढरा, काहीच नसलेला. मामी तिथेच बघत होती. तासभर बघत होती. टीव्ही तो तास तिच्या नावावर जमा करत होता.

“मामी, गेली ती. उद्या येईल.”

“तुला काय माहीत,” मामी म्हणाली. “मागच्या वेळी पण असंच काळं झालं होतं. मग आली होती.”

प्रीतम बाहेर गेला आणि त्याने ऋतुजाला फोन लावला.

“मी येते,” ती म्हणाली. तिला त्याने काही सांगितलं नव्हतं, फक्त हॅलो म्हणाला होता.

“आलीस तर ती टीव्हीकडे बघणार नाही. आठव्या दिवशी वाटा बंद. तांबोळीला विचारलं मी. परत चालू करायला अर्ज, आणि अर्ज बघायला दीड महिना.”

“आपल्या दोघांच्या वाट्यावर मशीन किती चालेल?”

“वरच्या खुणेवर ते आता पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त खातं. पंखा नाही, फ्रीज नाही, दिवा नाही असं धरलं तर रात्रभर आणि सकाळचा थोडा वेळ. दुपारी नाही.”

त्याच्या डोक्यात सवयीने दोन्ही शेजारी शेजारी मांडलं गेलं होतं. एका बाजूला पूर्ण वेळ चालणारं मशीन, उन्हाळ्यापर्यंतचं आयुष्य आणि पडद्यावर मुलगी. दुसऱ्या बाजूला अर्धवेळ मशीन, काही आठवडे आणि मुलगी. चार महिने लावून ठरवावं असं हे काम होतं.

“तूच सांग,” ऋतुजा म्हणाली. “मला नाही सांगता येणार. माझी आई आहे ती.”

“ये,” प्रीतम म्हणाला.

आणि मग, कारण माणूस एका शब्दाने बदलत नाही, तो पुढे म्हणाला, “पण कॉल चालू ठेवून ये. एसटीत पण. दारापर्यंत. तेवढेच दोन-तीन तास जमा होतील, एक दिवस पुढे ढकलला जाईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर सोलापूरचा स्टँड आला. ऋतुजाने फोन गळ्यात अडकवला होता, कॅमेरा पुढे. चेहरा दिसत नव्हता, आवाज येत होता. मामी उशांना टेकून बसली होती. बोलायला श्वास पुरत नव्हता, पण डोळे पडद्यावर होते, आणि आज ते एका जागी थांबत नव्हते. कंडक्टरच्या पैशांच्या थैलीवर गेले. पुढच्या सीटवरच्या बाळाच्या टोपड्यावर. खिडकीतून ज्वारीवर, ज्वारीतल्या पाखरांवर, विजेच्या खांबांवर. ठिपका इतका भराभर पळत होता, की अख्खा पडदा उजळल्यासारखा वाटत होता.

“हे वैराग गेलं,” मामी मध्येच म्हणाली.

मग बार्शीचा स्टँड आला. रिक्षा. उपळाई रोड. बोधेकाकांचं फाटक. प्रीतमने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे ऋतुजा मागच्या दाराने आली, चपला हातात घेऊन, न बोलता. पडद्यावर स्वयंपाकघर आलं, ओटा आला, मग दाराची चौकट, आणि चौकटीतून पुढची खोली. खोलीत एक टीव्ही. टीव्हीसमोर खाट. खाटेवर पाठमोरी बसलेली एक म्हातारी, खांदे वर-खाली होत असलेली, केस विरळ, मानेशी गाठ सुटलेली.

“ही कोण गं?” मामी म्हणाली.

ऋतुजा एक पाऊल पुढे आली. पडद्यावर ती म्हातारी मोठी झाली.

“नळी बघ हिची,” मामी म्हणाली. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. “कानामागून सुटलीय. पडेल. घरात बघायला कुणी नाही का हिला?”

पडद्यावर कडेने एक हात आला. त्याने म्हातारीच्या कानामागची नळी उचलून नीट बसवली आणि मानेवरचे केस गोळा केले.

मामीने स्वतःचा हात उचलला, कानापाशी नेला. तिथे ऋतुजाची बोटं होती. तिने ती धरली आणि मान वळवली.

टीव्हीने अर्धा मिनिट वाट बघितली. पडद्यावर कुणाचीच नजर पडेना, तसा तो विझला.

“आता येतेस होय,” मामी म्हणाली. “चहा घे आधी.”

ऋतुजा खाटेच्या कडेला बसली. मामी तिच्या कपाळाकडे बघत होती, मग हनुवटीकडे, मग चपला धरलेल्या हाताकडे, मग परत कपाळाकडे. टीव्ही तिच्या पाठीमागे काळा होता, आणि प्रीतम त्याच्याकडेही बघत नव्हता. तो उठला. त्याने पंखा बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजचा खटका बंद केला, देवापुढचा छोटा दिवा काढला. परत येऊन जमिनीवर बसला तेव्हा घरात मशीनचा तेवढा आवाज होता.